डाव्या पायाचे काम

'स्वयंचलित' हा शब्द मोठा दिलासा देणारा आहे. जे आपोआप चालते त्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही, असा त्याचा अर्थ आपण मनोमन करून घेतो. रहाटाने पाणी ओढणाऱ्याला कष्टाची जाणीव प्रत्येक खेपेस होते. तोटी फिरवून पाणी घेणाऱ्याला ती होत नाही. परंतु तोटीमुळे कष्ट नाहीसे झालेले नसतात. ते भिंतीपलीकडच्या पंपाकडे गेलेले असतात, आणि तो पंपही झिजत असतो. ही साधी गोष्ट आम्हांस मोटारीच्या निमित्ताने नीट उमगली, आणि ती अनेकांच्या उपयोगाची वाटल्यामुळे येथे लिहीत आहोत.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथे राहतो. जिल्हा तसा तरुण. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. वसमतची ओळख हळदीची. हिवाळा संपता संपता हळद काढणे, शिजवणे, वाळवणे आणि ढोलात फिरवून चकचकीत करणे ही कामे सुरू होतात, आणि घरोघरच्या ट्रॅक्टरांना उसंत राहत नाही. आमची पत्नी तालुक्यातील एका खेड्यात शाळेत गणित शिकवते. घरापासून शाळा बावीस किलोमीटर. वयाच्या तिसऱ्या वर्षी तिच्या डाव्या पायावरून पोलिओ गेला. भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. ही मोठ्या आनंदाची गोष्ट खरी, पण त्यापूर्वी ज्यांना त्या रोगाने गाठले त्यांचे पाय काही परत आले नाहीत. पुष्कळ वर्षे ती एस.टी.ने जात असे. एस.टी.ची पायरी उंच, आणि फाट्यापासून शाळा दोन किलोमीटर आत. पायात कॅलिपर घालून ते अंतर ती पावसाळ्यातील काळ्या मातीच्या चिखलातून कशी चालत असेल, हे आम्ही विचारीत नसू आणि ती सांगत नसे.

साध्या मोटारीत डाव्या पायाला एकच काम असते: क्लच दाबणे. ते जमत नाही म्हणून कितीतरी माणसे जन्मभर मागच्या आसनावर बसून राहतात. आमच्या पिढीने प्रथम पाहिली ती गिअर नसलेली स्कूटर. १९८४ साली किनेटिक होंडा आली आणि गिअर बदलण्याच्या व किक मारण्याच्या जाचातून कित्येक स्त्रिया सुटल्या. मोटारींत मात्र ही सोय बराच काळ श्रीमंतांच्या अंगणापुरतीच राहिली. पत्नीसाठी आम्ही २०१३ साली बनलेली, चार गिअरांची एक स्वयंचलित गाडी जुनी म्हणून पुण्याहून विकत आणली. तेव्हा ती सत्तर हजार किलोमीटर चाललेली होती. परवान्याचे सोपस्कार पार पडले, आणि पत्नी स्वतःच्या हाताने गाडी चालवीत शाळेत जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात ती घंटेच्या अर्धा तास आधी पोहोचत असे. इतक्या लवकर जाऊन करतेस काय, असे आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काही नाही. नुसती बसते. धापा न टाकता वर्गात जायचं, एवढंच."

म्हणजे त्या गाडीत तिच्या डाव्या पायाचे काम कोणीतरी दुसरे करीत होते. कोण करीत होते? आम्ही पुस्तके चाळली तेव्हा उत्तर मिळाले: तेल.

एकमेकांसमोर दोन टेबलफॅन ठेवावेत, एक चालू करावा आणि दुसरा बंद ठेवावा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. दोहोंमध्ये कोणताही सांधा नसतो. शक्ती नेते ती हवा. स्वयंचलित गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अशीच दोन पातीचक्रे एका बंद डब्यात समोरासमोर असतात, आणि हवेऐवजी त्यांत तेल भरलेले असते. मध्ये तिसरे एक लहान चक्र परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते, त्यामुळे गाडी सुटताना जोर वाढतो. यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. याचे पेटंट हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे तर जहाजांसाठी. वेगाने फिरणारे टर्बाइन आणि सावकाश फिरणारा जहाजाचा पंखा यांची सांगड घालणे हा त्याचा हेतू होता. मोटारीत तेलाची जोडणी रूढ केली ती अमेरिकेच्या जनरल मोटर्सने, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून. त्या गिअरबॉक्सचे नाव हायड्रामॅटिक.

हे तेल तीन कामे करते. इंजिनाची शक्ती पुढे नेते. दाबाने आतील क्लचच्या चकत्या आवळून गिअर बदलते. आणि सर्व भागांना वंगण देऊन त्यांची उष्णता वाहून नेते. चकत्यांनी आवळताना घसरू नये आणि तरी हिसकाही देऊ नये, अशा परस्परविरोधी अपेक्षा त्याच्याकडून असतात. म्हणून त्यात अनेक द्रव्ये मोजून मिसळलेली असतात. एके काळी या मिश्रणात स्पर्म देवमाशाचे तेल असे. किनाऱ्यावरच्या वाचकांना देवमासा परका नाही. पण अमेरिकेतील महामार्गावर अलगद गिअर बदलणाऱ्या गाडीमागे समुद्रात मारलेला देवमासा असे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. १९७० मध्ये अमेरिकेने त्या देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले आणि ते तेल बंद झाले. त्याच्या जागी काढलेल्या एका सुरुवातीच्या तेलाने तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे सांधे गंजू लागले, तेव्हा त्यात गंजरोधक द्रव्य नव्याने घालावे लागले. ज्यास आपण 'आपोआप' म्हणतो त्याच्या मागे कोणाकोणाची किंमत मोजलेली असते, याचा हा एक दाखला.

आता आमच्या गाडीकडे वळू. गाडी आणल्यावर दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना तिला हलका हिसका बसू लागला. आधीच्या मालकाने दिलेल्या कागदपत्रांत इंजिनाचे तेल बदलल्याच्या नोंदी होत्या. गिअरबॉक्सच्या तेलाची एकही नव्हती. एका मोठ्या शहरातील कार्यशाळेत चौकशी केली, तेव्हा उत्तर आले, "ते तेल लाइफटाइम असतं. त्याला हात लावायचा नसतो." आम्ही विचारले, लाइफटाइम म्हणजे कोणाचा? तेलाचा, गाडीचा, की हमीच्या मुदतीचा? यावर तेथील गृहस्थ हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. तेलाचे आयुष्य उष्णता ठरवते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. थंड देशातील मोकळ्या रस्त्यावर जे तेल दीड लाख किलोमीटर टिकेल ते मे महिन्यात, पारा बेचाळिसाच्या पुढे गेलेला असताना, उसाच्या गाड्यांमागे रखडत चालणाऱ्या मोटारीत तितकेच टिकेल, असे कोणी समजू नये. पुष्कळ गाड्यांच्या माहितीपुस्तकात कडक वापरासाठी वेगळी, कमी मुदत छापलेली असते. मराठवाड्याचा उन्हाळा हा कडक वापरच होय.

आम्ही तेलाची पट्टी बाहेर काढून एक थेंब पांढऱ्या कागदावर सोडला. नवे तेल माणकासारखे लाल आणि पारदर्शक असते. आमचे तेल काढ्यासारखे तपकिरी झाले होते, पण त्याला करपल्याचा वास नव्हता. हा फरक महत्त्वाचा. वास करपका असेल आणि गाडी गिअरमध्ये घसरत असेल, तर आतील चकत्या जळालेल्या असतात, आणि मग तेल बदलून गुण येत नाही. गावातल्या मिस्त्रींनी आम्हांस परोपरीने थोपवले. ते म्हणाले, "कशाला खोलायलात, सर? चालायली ना गाडी! तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो, असं मी लई जागी ऐकलंय." त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. अखेरच्या घटकेला तेल बदललेले गिअरबॉक्स पुढे बंद पडतात. पण ते बहुधा आधीच मरणपंथास लागलेले असतात, आणि दोष शेवटच्या उपचारावर येतो. गिअरबॉक्स नव्याने बांधण्याचा खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जाणारा होता. तो गेला असता तर पत्नी पुन्हा त्या फाट्यावर उभी राहिली असती. म्हणून निर्णय तिचा होता. ती मिस्त्रींना एवढेच म्हणाली, "दादा, न उघडल्यानं आतलं बरं होणार आहे का?"

तेल निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाल रंग म्हणजे केवळ रंग. गळती झाली तर ती इंजिनाच्या तेलाची नव्हे हे ओळखता यावे, म्हणून तो घालतात. त्यावरून गुण कळत नाही. जनरल मोटर्सने या तेलासाठी पहिले प्रमाण १९४९ मध्ये आणि 'डेक्सरॉन' हे प्रमाण १९६७ मध्ये ठरवले. पुढे प्रत्येक कंपनीने आपापले प्रमाण काढले. माहितीपुस्तकात ज्याचे नाव असेल तेच तेल घ्यावे. 'सगळ्या गाड्यांना चालते' असे डब्यावर लिहिलेले असले तरी त्याचा मोह टाळावा. आम्ही नांदेडहून नऊ लिटर तेल, गळतीच्या बोल्टाखाली बसणारे नवे वॉशर आणि लांब नळीचे नरसाळे आणले.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी काम काढले. शेजारी हळदीचे शेतकरी आहेत. क्लच बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतात, तेव्हा ते ज्या लोखंडी घोड्या लावतात त्या चार घोड्या त्यांनी आणून दिल्या आणि स्वतःही येऊन बसले. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. अंगणातील फरशीवर चारही चाके सारख्या उंचीवर घेतली आणि गवंड्याची पाणसळ ठेवून पाहिली. तेल कोमट असावे म्हणून आधी गाडी दहा मिनिटे फिरवून आणली होती. फार तापलेले तेल हात भाजते. बोल्ट सैल केला तशी तपकिरी धार खाली ठेवलेल्या परातीत पडू लागली. शेजारी म्हणाले, "ट्रॅक्टरचं याहून काळं निघतंय."

बोल्टाच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा लेप जमला होता. तो आम्ही बोटांत चोळून पाहिला. काजळासारखा मऊ लागला. असा बारीक लेप झिजेचा असतो आणि त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. कपच्या किंवा काटे सापडले असते तर काम तेथेच थांबवून जाणत्या कारागिराकडे गेलो असतो. पुसण्यासाठी मिस्त्री वापरतात ते कॉटन वेस्ट मात्र आम्ही दूर ठेवले. त्याचा एखादा धागा आत गेला तर ज्या सूक्ष्म वाटांतून तेल फिरते त्या तुंबू शकतात. धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा तुकडा कामी आला.

परातीतील तेल पत्नीने खुणा केलेल्या डब्यात ओतून मोजले. ते भरले २.७ लिटर. गिअरबॉक्समध्ये एकूण तेल साडेपाच लिटरच्या आसपास असते; उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते आणि बोल्ट उघडून बाहेर येत नाही. म्हणजे एका वेळी जवळजवळ निम्मेच बदलते. दाबाने सगळे तेल एकदम धुऊन काढण्याची यंत्रे असतात, परंतु वर्षानुवर्षे न हलवलेला गाळ त्यामुळे सुटून नको तेथे जाण्याचा धोका आम्हांस पत्करायचा नव्हता. पत्नी म्हणाली, "ही निमकी आहे. निम्मं काढलं, नवं घातलं. पुन्हा निम्मं काढलं की जुनं उरतं पाव. तिसऱ्यांदा आठवा हिस्सा." तिने वहीत तसे मांडून ठेवले. काही दिवसांच्या अंतराने तीन वेळा बदलायचे, असे ठरले. जितके निघाले तितकेच घालायचे, हा नियम तिने घालून दिला. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो. जास्त झाले तर फिरणारे भाग त्याला घुसळून फेस काढतात. दोन्हींचा परिणाम एकच: दाब पडतो आणि चकत्या घसरतात.

नवे वॉशर लावून बोल्ट सांगितलेल्या मापाने आवळला. पट्टीच्या नळीतून नरसाळ्याने २.७ लिटर तेल सावकाश ओतले. गाडी खाली उतरवली, पत्नी आसनावर बसली, इंजिन सुरू केले, आणि ब्रेक दाबून तिने दांडा 'पी'वरून 'आर', 'एन' आणि 'डी' असा, प्रत्येक ठिकाणी तीन सेकंद थांबत नेला आणि परत आणला, म्हणजे तेल सर्व वाटांत भरले. मग ती औंढा रस्त्याने बारा किलोमीटर जाऊन आली. या तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना पाहायची असते. बंद इंजिनात पाहिली तर ती फसवी निघते. पातळी दोन खुणांच्या मधोमध होती. काम सकाळी आठला सुरू झाले आणि अकराला संपले.

एक काम उरलेच होते. तीन खेपांत आठ लिटरांहून अधिक जुने तेल निघाले. आपल्याकडे असे तेल कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतात किंवा बांधावर ओततात. हळदीचे शिवार विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर उभे आहे, आणि काळ्या मातीत मुरलेले तेल पुन्हा वेचता येत नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे तो याचसाठी. आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवले आणि तेल पुनर्प्रक्रियेसाठी नेणाऱ्या गाडीला गॅरेजवाल्यांमार्फत दिले. देवमाशाचे तेल परदेशात बंद झाले ही बातमी वाचून समाधान मानावे आणि आपल्याच विहिरीत काळे तेल सोडावे, हे शोभणारे नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी स्वयंचलित गाडी आहे त्यांनी प्रथम आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे जी स्वस्त पद्धत रुजली, तिच्यात गिअरबॉक्स व क्लच साध्या गाडीचेच असतात. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर बदलणारा हात यंत्राचा असतो. तिचे तेल वेगळे. पट्ट्यावर चालणाऱ्या सी.व्ही.टी.चेही वेगळे. एकाचे तेल दुसऱ्यात घातले तर नुकसान निश्चित. काही गाड्यांना तेल पाहण्याची पट्टीच नसते. त्यांत ठरावीक तापमानावर एका भोकातून तेल सांडू लागते तेथे पातळी मानतात, आणि ते तापमान यंत्र लावून मोजावे लागते. अशा गाडीत तेल काढण्याचा बोल्ट उघडण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट उघडतो ना, हे आधी पाहावे. नाहीतर तेल बाहेर आणि गाडी जागेवर, अशी अवस्था होते. हात बसलेला नसेल त्याने हे काम कारागिराकडून करून घ्यावे. पण करून घ्यावे.

तिसऱ्या खेपेनंतर आमच्या गाडीचा हिसका बराच कमी झाला. अगदी गेला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यानंतर गाडी चौदा हजार किलोमीटर चालली आहे. सर्व मिळून खर्च सात हजारांच्या आत झाला. आणखी किती वर्षे ती चालेल हे सांगता येत नाही, आणि तशी हमी तेलाचा कोणताही डबा देत नाही. परंतु जे काम डोळ्यांआड चालते त्याची चौकशी आपण केली नाही, तर ते एक दिवस न सांगता थांबते, हे मात्र आता घरात सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या जिवावर आपले पाऊल पुढे पडते, ते दिसत नसले तरी मुदतीने पाहिले पाहिजे. शाळेतील एका मुलीने पत्नीस विचारले, "बाई, तुमची गाडी आपोआप चालते ना?" पत्नीने तिला गाडीपाशी नेले, पट्टी ओढून लाल थेंब दाखवला आणि सांगितले, "हे चालवतं. आणि याची काळजी मी घेते."